एकट्याची डोंगरवाट आणि नकाशावरचा ठिपका

घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, असा आपल्याकडील वडीलधाऱ्यांचा दंडक आहे. ह्या लहानशा शब्दात अपशकुन टाळण्यापलीकडे एक व्यवहारही साधला जात असे. 'येतो' म्हटले की पाठोपाठ प्रश्न येत : कोठे निघालास? सोबत कोण आहे? दिवेलागणीपर्यंत परतशील ना? उंबरठ्यावर होणाऱ्या ह्या दोन-चार प्रश्नोत्तरांत प्रवासाची सारी नोंद घरच्या माणसाजवळ राहत असे. हल्लीची तरुण मंडळी हे प्रश्न ऐकून घेण्यास थांबत नाहीत. खिशातील फोनकडे बोट दाखवून ती म्हणतात, "लोकेशन पाठविले आहे, पाहत राहा." आणि खरोखरच, गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा घरच्यांच्या फोनवर एका चिमुकल्या ठिपक्याच्या रूपाने सरकताना दिसू लागतो. गूगलच्या नकाशात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय २०१७ साली आली आणि आज ती घरोघरी रुळली आहे. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या मुलीच्या आईबापांस ह्या ठिपक्याने किती दिलासा दिला आहे, हे मी सांगावयास नको. परंतु शहरातील रस्त्यावर सोबत करणारा हा ठिपका, एकट्याने डोंगर चढणाराचाही राखणदार होऊ शकतो काय? ह्या प्रश्नाचा आज आपणांसमवेत थोडा विचार करावा, असे मी योजिले आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या घरी तो एका दिवाळीत उभा राहिला.

आमचे घर कडेगावचे. सांगली जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळे दूरवर ठाऊक आहे. ह्या तालुक्यातील डोंगर सह्याद्रीच्या ऐन धारेवरील कड्यांसारखे रौद्र नाहीत. कडेपूरची डोंगराई, सोनसळचा चौरंगीनाथ, देवराष्ट्रे गावाजवळचा सागरेश्वर अशी देवस्थाने ह्या डोंगरांत वसलेली आहेत, आणि बायकामुले ह्या ठिकाणी दर्शनास नित्य जात-येत असतात. तेव्हा पुण्याहून आजोळी आलेली माझी भाची पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी "एकटीच डोंगराईला जाऊन येते" म्हणाली, त्यात कोणास काही वावगे वाटले नाही. तिने घरच्या मंडळींच्या गटावर आठ तासांचे लाइव्ह लोकेशन लावून दिले, आणि पाठीवर पिशवी टाकून ती सात वाजता बाहेर पडली.

पहिले दोन-तीन तास ठिपका डोंगर चढताना पाहणे हा आम्हां सर्वांचा खेळच झाला. अकराच्या सुमारास तो एका जागी स्थिरावला. "बसली असेल वाचत," असे कोणी म्हणाले. बारा वाजले, ठिपका तेथेच. एक वाजला, तरी तेथेच. आम्ही फोन लावून पाहिला तो लागेना. पण ठिपका दिसतो आहे म्हणजे पोर सुखरूप आहे, असे आम्ही एकमेकांस सांगत राहिलो. अखेर ऐंशी वर्षांच्या माझ्या आईने पाने मांडावयाचे थांबवून विचारले, "ठिपका काय म्हणतो ते मला सांगू नका. पोर काय म्हणते ते सांगा." तेव्हा कोठे कोणी चष्मा लावून त्या नकाशाखालची बारीक अक्षरे वाचली. शेवटची खबर १० वाजून ४० मिनिटांनी आलेली होती. म्हणजे गेले सव्वादोन तास आम्ही पोरीकडे पाहत नव्हतोच. ती सकाळी जेथे होती त्या जागेकडे पाहत होतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्ही चौघे डोंगरावर गेलो. ठिपक्याच्या जागी कोणी नव्हते. एका मेंढपाळाने सांगितले की तांबडी पिशवी पाठीला लावलेली एक मुलगी सकाळी मागच्या अंगाने ओढ्यात उतरताना त्याने पाहिली होती. तो आमच्याबरोबर आला म्हणून बरे झाले. साडेतीनच्या सुमारास ती आम्हांस ओढ्याच्या पात्रात एका झाडाखाली सापडली. ठिपक्यापासून जवळजवळ अर्ध्या कोसावर. घोटा सुजून पाय टेकवत नव्हता, बाटलीतले पाणी संपले होते, आणि फोन केव्हाच निजला होता. घरी आल्यावर ती जे म्हणाली ते मी विसरलेलो नाही. "मामा, मी निर्धास्त होते. तुम्ही सगळे पाहत आहात, कोणीतरी येईलच, असे मला वाटत होते." आणि आम्ही? ती दिसत आहे म्हणून आम्हीही निर्धास्त होतो. दोन्हीकडच्या ह्या निर्धास्तपणाच्या मधोमध एक मुलगी पाच तास उन्हात बसून होती.

श्रोतेहो, ह्यात यंत्राचा दोष नव्हता. यंत्र काय करते आणि काय करीत नाही, ह्याविषयीच्या आमच्या अज्ञानाचा तो दोष होता. म्हणून ती गोष्ट प्रथम समजून घेऊ.

फोनमधील ही सोय म्हणजे वस्तुतः दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम आपण कोठे आहो हे ओळखण्याचे. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जी.पी.एस.चे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात आणि आपापली वेळ व जागा अखंड पुकारीत असतात. फोन ती पुकार ऐकतो. निदान चार उपग्रहांची पुकार कानी आली म्हणजे ती येण्यास लागलेल्या वेळावरून तो आपली जागा गणिताने काढतो. ह्या कामासाठी फोनला स्वतः काहीच बोलावे लागत नाही, आणि मोबाइलच्या रेंजचीही गरज नसते. उघडे आकाश तेवढे हवे. दुसरे काम ही जागा घरी कळविण्याचे. ते मात्र सर्वस्वी मोबाइलच्या मनोऱ्यावर आणि इंटरनेटवर अवलंबून आहे. मनोरा डोंगराआड गेला की फोनला आपली जागा अचूक माहीत असते, पण ती सांगावयास तोंड राहत नाही. पत्र लिहून तयार आहे, पण टपालाची पेटीच जवळ नाही, अशी त्याची स्थिती होते. आणि घरच्यांस मात्र मागे आलेले पत्र पुनः पुनः दिसत राहते. आपण ज्यास खिडकी समजतो ते खरे पाहता पोस्टकार्ड आहे, आणि पोस्टकार्ड हाती आले की प्रथम त्यावरील तारीख पाहावयाची असते.

डोंगरात ह्या दोन्ही कामांत विघ्ने येतात. खोल ओढ्यात किंवा कड्याच्या पायथ्याशी आकाशाची एक अरुंद पट्टीच दिसते. उपग्रह थोडे सापडतात, आणि खडकावर आपटून आलेल्या लहरींनी हिशेब चुकतो. मैदानात पाच-दहा मीटरांत बसणारी जागा तेथे पुष्कळ सरकू शकते. तशांत कडा उभा असला म्हणजे नकाशावरील लहानसे अंतर प्रत्यक्षात कड्याचा माथा आणि तळ एवढे मोठे असते. दुसरे विघ्न बॅटरीचे. रेंज क्षीण झाली की फोन मनोऱ्याचा शोध घेण्यासाठी अधिक जोराने हाका मारू लागतो आणि त्या ओरडण्यात त्याची शक्ती झपाट्याने सरते. घरी दिवसभर पुरणारा फोन रानात दुपारीच डोळे मिटतो तो ह्यामुळे. म्हणजे जेथे त्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच तो सर्वांत लवकर थकतो.

ह्याचे मोल काय पडते हे २०२२ ह्या एकाच वर्षातील तीन घटनांवरून ध्यानात येईल. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केरळात पालक्काडनजीक मलमपुळा येथील डोंगराच्या कपारीत एक तरुण अडकला. त्याने फोनवरून आपली छायाचित्रे पाठविली. पुढे बॅटरी संपली. परंतु तो कोठे आहे हे त्याच्या सोबत्यांस ठाऊक होते. दोन रात्री काढल्यावर ९ फेब्रुवारीस सैन्याच्या जवानांनी त्यास वर ओढून घेतले. त्याच महिन्यात २० तारखेस बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांवर एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी सुमारे ३०० फूट खाली घसरून कपारीत अडकला. फोन चालू होता, रेंज होती, त्याने आपला ठावठिकाणा कळविला, आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने त्यास उचलून आणले. येथे ह्याच सोयीने एक जीव वाचविला, हे मान्य केलेच पाहिजे. तिसरी घटना आपल्या महाराष्ट्रातील. मे महिन्यात दिल्लीचा एक तरुण अभियंता लोणावळ्याच्या नागफणीच्या रानात एकटाच गेला. वाट चुकल्याचे त्याने फोनवरून आपल्या माणसांस सांगितले. त्यानंतर फोन बंद झाला. पोलीस, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अशा अनेकांनी दऱ्या धुंडाळल्या. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह मिळाला.

ह्या तीन घटनांतून फोन न्यावा की नेऊ नये, असा निष्कर्ष निघत नाही. तिघांजवळही फोन होता. निष्कर्ष निघतो तो असा, की संकटाच्या वेळी मागे राहिलेल्या माणसास जागा ठाऊक असणे हाच खरा आधार. ती फोनने कळो की सोबत्याने कळो. 'मी वाट चुकलो आहे' एवढाच निरोप आला तर शोधणारांपुढे सारे रान पडते. आमच्या सागरेश्वराचेच उदाहरण घ्या. माणसांनी झाडे लावून उभे केलेले हे अभयारण्य, वृक्षमित्र धों. म. मोहिते ह्यांच्या ध्यासातून ते उभे राहिले आणि १९८५ साली घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. अभयारण्यांच्या मानाने हे बाळच म्हणावयाचे. तरीही पाय मोडून झुडुपाआड पडलेल्या एका माणसास शोधावयाचे झाले तर तेवढेच रान चार दिवसांसही पुरून उरेल. परंतु हाच माणूस निघण्यापूर्वी 'देवराष्ट्र्याच्या बाजूने चढून ताकारीच्या बाजूस उतरणार, चारपर्यंत स्टेशनावर' एवढे सांगून गेला असेल, तर ते सारे रान आकसून एका वाटेएवढे होते.

इतिहासातील एक गोष्ट ह्या ठिकाणी आठवते. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले. महाराज गडावर पोहोचताच तोफांची इशारत व्हावयाची असे ठरले होते, आणि खिंड अडवून उभ्या असलेल्या बाजीप्रभूंचे कान त्या आवाजाकडे लागले होते, अशी परंपरा सांगते. त्या तोफांपाशी कोणतेही नवलाचे यंत्र नव्हते. त्यांचे सामर्थ्य दोन गोष्टींत होते. इशारतीचा अर्थ निघण्यापूर्वीच ठरलेला होता, आणि ती ऐकण्याचे काम कोणाचे हेही ठरलेले होते. आमच्या घरच्या ठिपक्यापाशी ह्यांतील एकही गोष्ट नव्हती. ठिपका थांबला तर काय समजावयाचे, हे ठरले नव्हते. आणि तो पाहण्याचे काम अकरा जणांकडे होते, म्हणजे कोणाकडेच नव्हते. भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचली नाही.

तेव्हा एकट्याने डोंगर चढणारांस आणि त्यांच्या घरच्यांस, स्वतःच्या फजितीवरून शिकलेल्या चार गोष्टी सांगण्याची मला अनुज्ञा असावी.

पहिली गोष्ट कागदाची. कोणत्या गावाहून चढणार, कोणत्या बाजूने उतरणार, किती वाजता परतणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोध सुरू करावयाचा, हे चिठ्ठीवर लिहून ती घरातील एकाच, होय, एकाच माणसाच्या हाती द्यावी. त्या माणसाने ती जबाबदारी तोंडाने स्वीकारावी. शेवटची वेळ अंधार पडण्याच्या पुष्कळ अगोदरची असावी; दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे सहाच्या सुमारास अंधारून येते. वाट बदलावीशी वाटली तर बदलण्यापूर्वी कळवावे. कळविता येत नसेल तर बदलू नये. माझ्या भाचीची सारी विपत्ती 'मागच्या बाजूने उतरून पाहू' ह्या एका लहरीतून उद्भवली होती.

दुसरी गोष्ट फोनच्या मितव्ययाची. त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्यावा, म्हणजे रेंज नसतानाही तो उघडतो. रेंज नाही असे दिसताच फोन विमानप्रवासातील स्थितीवर टाकावा. बहुतेक फोन त्या स्थितीतही उपग्रहांवरून जागा ओळखतात, आणि मनोऱ्याच्या शोधात खर्च होणारी शक्ती वाचते. मग तासातासाने, एखाद्या उंच खांद्यावर आल्यावर, तो जागा करून निरोप धाडावा. हा निरोप साध्या एस.एम.एस.ने आणि आकड्यांत धाडावा हे उत्तम, कारण इंटरनेट चालत नाही तेथेही एस.एम.एस. पुष्कळदा निसटून जातो. नकाशावर आपल्या ठिपक्यास बोटाने दाबून धरले असता अक्षांश व रेखांश दिसतात. दशांशचिन्हानंतरचे चार आकडे पाठविले की जागा सुमारे ११ मीटरांत निश्चित होते. तीनच पाठविले तर ११० मीटरांत. एका आकड्याच्या आळसाने शोधाचे क्षेत्र किती पटींनी वाढते, हे गणित जाणणारांनी पाहावे. बरोबर पॉवर बँक असावी, ती भरलेली असावी.

तिसरी गोष्ट, फोन मुका झाल्यावर काय करावयाचे ह्याची. गळ्यात एक शिटी असावी. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ही संकटाची खूण जगभरच्या गिर्यारोहकांस ओळखीची आहे. माणसाचा घसा तासाभरात बसतो, शिटी बसत नाही. वाट चुकली असे कळताच आहे त्या ठिकाणी थांबावे. ओढा धरून खाली उतरण्याचा मोह आवरावा, कारण सह्याद्रीतील ओढा केव्हा कड्यावरून उडी घेईल ह्याचा नेम नसतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा क्रमांक लावून पाहावा. दुसऱ्या कंपनीचा मनोरा आवाक्यात असल्यास तो लागण्याचा संभव असतो. डोंगरातील अपघातांसाठी महाराष्ट्रातील गिर्यारोहकांनी चालविलेले बचाव समन्वय केंद्रही आहे. त्याचा क्रमांक निघण्यापूर्वीच मिळवून त्या चिठ्ठीवर लिहून ठेवावा. काही जण परदेशी उपग्रहयंत्रे आणवून घेण्याचा सल्ला देतात. त्यांनी ध्यानात ठेवावे की अशी यंत्रे आपल्या देशात परवान्यावाचून बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी महिलेस अशाच यंत्रापायी अडवून ठेवण्यात आले होते.

चौथी गोष्ट सर्वांत जुनी. वाटेत भेटेल त्या गुराख्याशी, मेंढपाळाशी, देवळातील गुरवाशी, अभयारण्यात जावयाचे तर वनखात्याच्या माणसाशी दोन शब्द बोलून पुढे जावे. शहरातील शिकलेल्या मंडळीस ह्याचा संकोच वाटतो. परंतु त्या दिवशी आमच्या मदतीस उपग्रह आला नाही. तांबडी पिशवी लक्षात ठेवणारा मेंढपाळ आला.

आता घरी राहणारांविषयी एक शब्द. त्या प्रकारानंतर आमच्या घरात लगेच ठराव झाला की पोरीला पुन्हा एकटी सोडावयाची नाही. तो ठराव मला रुचला नाही, आणि आजही रुचत नाही. एकट्याने डोंगर चढण्यात काही विलक्षण मिळकत असते. मनुष्य स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकतो, आपली भीती आणि आपले बळ दोन्ही ओळखून परत येतो. मुलग्यांस ही मिळकत आपण हसत घेऊ देतो आणि मुलीस मात्र पहिल्या ठेचेबरोबर घरी बसवितो, हा न्याय नव्हे. दुसऱ्या टोकास, काळजीच्या नावाखाली तिचा ठिपका बारा महिने चोवीस तास आपल्या मुठीत ठेवणे, हेही योग्य नव्हे. ठावठिकाणा ही तिची वस्तू आहे. ती विश्वासाने, ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या वेळेपुरती आपल्या हवाली करते. त्या विश्वासास पात्र होणे म्हणजे सारा दिवस तिच्यावर नजर ठेवणे नव्हे. ठरलेल्या वेळी जागे असणे आणि निरोप न आल्यास क्षणाचाही विलंब न लावता उठणे, एवढेच ते आहे.

ह्या वर्षी भाची पुन्हा आजोळी आली तेव्हा चौरंगीनाथास एकटीच जावयाचे म्हणाली. घर क्षणभर स्तब्ध झाले. तिने पिशवीतून एक चिठ्ठी काढली आणि ती माझ्या हाती न देता माझ्या आईच्या हाती दिली. आईने चष्मा लावून ती अक्षर न अक्षर वाचली, देव्हाऱ्याजवळच्या घड्याळाखाली ठेवली, आणि विचारले, "दोन म्हणजे दोनच ना गं?" "दोन म्हणजे दोनच, आजी," ती म्हणाली, आणि उंबरठा ओलांडताना वळून म्हणाली, "येते."

त्या दिवशी फोनवर ठिपका होताच. तो पाहावयास कोणी फारसे बसले नाही. दोनला दहा मिनिटे कमी असताना अंगणात पावले वाजली, तेव्हा आई घड्याळाकडे पाहत दारातच उभी होती.